जहाज वर आलंच पाहिजे

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर तिथे आधी नोकरीला होता. त्याने पहिल्याच दिवशी "ही माझी वहिनी" अशी ओळख करून दिली. पुढे दीर दुसरीकडे निघून गेला, पण ती मात्र साहेबांपासून दारवानापर्यंत सगळ्यांची वहिनीच राहिली.

एका सोमवारी सकाळी साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. साहेब दार लावून घेत ते फक्त दोन कारणांनी, एक तर कुणाला बढती द्यायला किंवा कुणाच्या गळ्यात घोंगडं अडकवायला.

"वहिनी, नाट्यगृहाचं काम तुम्ही घ्या," ते म्हणाले.

हे काम सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. शहरात नवं नाट्यगृह उभं राहिलं होतं. त्याचा रंगमंच फिरता होता, आणि त्या फिरत्या भागात एक मोठं झाकण उघडून खालून अख्खं नेपथ्य वर येऊ शकत होतं. हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीने करायचं होतं. आधीच्या दोन तारखा हुकल्या होत्या. तिसरी तारीख आता गावभर पोस्टरांवर झळकत होती, कारण त्या दिवशी उद्घाटनाचं नाटक होतं. आणि काम सांभाळणारे गृहस्थ शुक्रवारी तब्येतीचं कारण सांगून राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

"किती झालंय?" तिने विचारलं.

"नव्वद टक्के."

"साहेब, मागच्या मोसमातही नव्वदच होतं. तेव्हापासून हे लोक काय करताहेत?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "म्हणूनच तर तुम्हाला माणसं देतो. सहा जण. उद्यापासून."

"नकोत."

"अहो, लोक माणसं मागतात, तुम्ही नाही म्हणताय?"

"नवीन सहा जणांना काम समजावणार कोण? जे दोघं-तिघं आत्ता काम करताहेत तेच ना? म्हणजे त्यांचंही काम थांबणार. सात सुगरणी आणि भाजी अळणी. मला माणसं नकोत, साहेब. मला एक आठवडा कुणी 'किती झालं' असं विचारू नका, एवढं द्या."

साहेबांनी ते कबूल केलं. काचेच्या खोलीतून बाहेर पडताना खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. पण शाळेत धावण्याच्या शर्यतीआधी पायांत जसं काहीतरी सळसळायचं, तसं तिला वाटत होतं. बुडती नाव हातात आली होती आणि तिला ती तारायची होती.

घरी सासूबाईंनी बातमी ऐकली आणि चष्मा डोक्यावर सरकवला. सासूबाई जन्मभर पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवत आल्या होत्या. अजूनही त्यांचा आवाज या काठावरून त्या काठावर जाईल असाच होता.

"उद्घाटनाचं ना? मी तिकिटं काढलीसुद्धा. पहिल्या रांगेतली. तुझी, ह्याची, माझी आणि माझ्या फिरायला येणाऱ्या सगळ्या बायकांची."

"आई, जरा थांबायचं तरी. तो रंगमंच फिरेल की नाही हेच कुणाला माहीत नाही."

"मग फिरव. मी काय करू त्याला?" सासूबाई म्हणाल्या. तिचा नवरा ताटावर मान खाली घालून हसत होता.

*

चमूत खरं काम करणारी माणसं दोनच होती. एक होते मौनीबाबा. वयाने तिच्याहून मोठे, कामात पक्के, आणि दिवसभरात चार वाक्यं बोलले तर ऑफिसात बातमी व्हायची. दुसरी त्यांचं काम तपासणारी मुलगी. कुठल्याही गोष्टीत खोड काढायची म्हणून तिला सगळे खोडकाढे म्हणत, आणि तिला ते नाव मानपत्रासारखं वाटे.

वहिनीने दोघांना ऑफिसात बसू दिलं नाही. "मला सांगू नका, दाखवा," असं म्हणून ती त्यांना थेट नाट्यगृहात घेऊन गेली.

रिकाम्या खुर्च्यांसमोर तो प्रचंड रंगमंच उघडा पडला होता. ताज्या लाकडाचा आणि रंगाचा वास येत होता. फिरत्या भागाला तिथले कामगार चाक म्हणत, आणि झाकणाखालच्या खोल खड्ड्याला विहीर. मौनीबाबांनी विंगेतल्या स्क्रीनवर बोट टेकवलं. चाक अलगद, आवाज न करता फिरू लागलं. वहिनीच्या अंगावर काटा आला. इतकी मोठी जमीन एका बोटावर फिरत होती.

"छान. आता विहीर," ती म्हणाली.

विहीर उघडली. मग दिवे सॉफ्टवेअरला जोडायचे होते, ते अर्धेच जोडलेले निघाले. छतावरून पक्षी उडत यायचे होते, ते निघाले आणि वाटेतच अडकले. दिग्दर्शिकेला स्वतःच्या हाताने प्रवेश आखता यावेत म्हणून एक मोठी सोय करायची होती. ती उघडली की स्क्रीन पांढरी व्हायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सगळंच नव्वद टक्के झालं होतं, म्हणजे पूर्ण असं काहीच झालं नव्हतं.

"आधीच्या सरांना हे माहीत होतं?" तिने खोडकाढेला विचारलं.

"सांगायला गेलं की ते म्हणायचे, मला अडचणी नकोत, उत्तरं आणा. मग आम्ही सांगणं सोडून दिलं."

वहिनीने मागच्या विंगेत नजर फिरवली. तिथे कुठल्याशा नाटकातली लाल मखमली सिंहासनासारखी खुर्ची पडली होती. "आजपासून नियम. जो वाईट बातमी सगळ्यात आधी आणेल, तो दिवसभर या खुर्चीत बसेल. बाकीचे स्टुलावर."

खोडकाढे तत्काळ जाऊन खुर्चीत बसली. "पक्ष्यांच्या दोऱ्यांचं काम या तारखेला होत नाही. कुठल्याच हिशोबाने नाही."

"शाब्बास," वहिनी म्हणाली.

त्या दिवशी खुर्ची कुणाला मिळणार हे ठरून गेलं, असं दोघींना वाटलं. पण दुपारी मौनीबाबा उठले, खुर्चीपाशी येऊन उभे राहिले, आणि त्यांनी घसा खाकरला.

"जहाज," ते म्हणाले. "जहाजाच्या वेळी सगळं मधेच बंद पडतं. कधी पडतं, कधी नाही. मी तो भाग तीनदा पहिल्यापासून लिहिला. अजून कळत नाही."

खोडकाढे खुर्चीतून उठली. मौनीबाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. किती दिवस ते हे ओझं एकटे वाहत होते, ते त्यांच्या खांद्यांवरूनच दिसत होतं.

*

जहाज म्हणजे त्या नाटकाचा प्राण होता. बंदरावर गर्दी जमलेली, चाक गर्दीसकट हळूहळू फिरतंय, झाकण बरोबर विहिरीवर येऊन थांबतं, उघडतं, आणि आतून शिडासकट जहाज वर येतं. ते चाकावर टेकलं की चाक पुन्हा फिरतं आणि जहाज बंदर सोडून निघतं. झाकणाची जागा विहिरीवर तंतोतंत आली नाही तर जहाजाची डोलकाठी कडेला आपटेल. म्हणून कडेला संरक्षक पट्टी होती. तिला काहीही शिवलं की सगळं जागच्या जागी थांबायचं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दिग्दर्शिकेला भेटायला गेली. दिग्दर्शिका तालमीच्या खोलीत जमिनीवर बसून नटांवर ओरडत होती. तिने वहिनीकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही नवीन का? आता तुमचं नव्वद टक्क्यांचं गाणं ऐकवा."

"नाही. मी सांगायला आले की पक्षी उडणार नाहीत. तुम्हाला प्रवेश स्वतः आखता येतील ती सोयही या वेळी नाही. दिवे तुमची माणसं हाताने चालवतील."

दिग्दर्शिका उठून उभी राहिली. ती वहिनीच्या खांद्याला लागत होती, पण तिचा आवाज छताला लागला. "मग उरलं काय?"

"चाक, विहीर आणि संकटकाळी सगळं थांबवण्याची सोय. एवढं पूर्ण असेल. अर्धवट काही नाही."

"आणि जहाज?"

"जहाजाचं मी आज वचन देत नाही. पुढच्या मंगळवारी चार वाजता रंगमंचावर या. जहाज आलं तर आलं. नाही आलं तर तुमच्या हातात प्रवेश बदलायला पुरेसे दिवस असतील. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुम्हाला हे कळू नये, म्हणून आज सांगते."

दिग्दर्शिकेने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "पक्षी गेले तर गेले. कागदाचे करून काठीवर नाचवू. पण जहाज वर आलंच पाहिजे, बाई. त्याच्यावर सगळं नाटक बांधलंय."

"मलाही ते बघायचंय," वहिनी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

*

त्या आठवड्यात तिघांना कामाची नशाच चढली. पक्षी, दिवे, ती मोठी सोय, सगळं बाजूला ठेवलं होतं. डोक्यात फक्त जहाज. रोज दुपारी एक तरी गोष्ट खऱ्या रंगमंचावर पूर्ण करून दाखवायची असं ठरलं. थांबवण्याची सोय पूर्ण झाली त्या दिवशी खोडकाढेने ती इतक्या तऱ्हांनी मोडून पाहिली की नाट्यगृहाचे व्यवस्थापक धावत आले. दिवस मावळला की वहिनी दोघांना घरी पिटाळायची. मौनीबाबा रेंगाळायचे, तर ती त्यांची पिशवी उचलून दाराशी नेऊन ठेवायची.

पण जहाजाचा घोळ सुटेना. मौनीबाबांनी रिकाम्या रंगमंचावर ते सकाळपासून पुन्हा पुन्हा वर आणलं. एकदाही अडलं नाही. आणि संध्याकाळच्या तालमीत, सगळ्यांसमोर, डोलकाठी पट्टीला शिवली आणि जहाज अर्ध्यावर लटकलं.

"माझ्याच्याने होत नाही," मौनीबाबा म्हणाले. "दुसरा कुणी बघा."

"अख्ख्या दिवसात बिघडलं नाही आणि तालमीत बिघडलं," वहिनी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तालमीत असं काय असतं जे सकाळी नसतं?"

मग खोडकाढे ताडकन उठली.

"माणसं," ती म्हणाली. "तालमीत चाकावर माणसं असतात. आणि बंदराच्या भिंती. सकाळी चाक रिकामं असतं. वजन, वहिनी. वजन."

पुढचं सगळं एखाद्या धाडीसारखं घडलं. खोडकाढे तालमीतल्या नटांना घरी जाऊच देईना. "सगळे चाकावर या. सगळे. तुम्ही पण, दादा, हातोडीसकट." सुतार आले, शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या, दिग्दर्शिका आली. व्यवस्थापक "मी कशाला, मी कशाला" म्हणत आले. त्यांच्या देहाकडे बघून खोडकाढे म्हणाली, "तुमच्याशिवाय होणारच नाही, काका." रंगमंचभर हशा पिकला. वहिनी स्वतः जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली.

मौनीबाबांनी बोट टेकवलं. चाक फिरलं, थांबलं. सगळी गर्दी एकमेकांवर रेलली.

"स्क्रीन म्हणते झाकण बरोबर विहिरीवर आहे," मौनीबाबांनी विंगेतून सांगितलं.

खोडकाढे पालथी पडून झाकणाच्या फटीत टॉर्च मारत होती. "स्क्रीन खोटं बोलते. वीतभर मागे आहे."

मौनीबाबा धावतच बाहेर आले. त्यांना धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. तेही तिच्या शेजारी पालथे पडले आणि त्यांनी फटीतून पाहिलं. मग उठून बसले आणि त्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, एका दमात बोलत सुटले. चाक किती फिरलं हे मोजणारा सेन्सर चाकावर नव्हताच, मोटरवर होता. चाक रिकामं असताना मोटर जेवढी फिरे तेवढंच चाक फिरे. वर वजन आलं की मोटरवरून चाक फिरवणारा पट्टा जरासा घसरे, चाक मागे राही, आणि मोटर मात्र आपलं काम चोख झालं असं कळवून मोकळी होई. सॉफ्टवेअर त्या मोटरवर विश्वास ठेवून जहाज वर सोडायचं.

"म्हणजे तुमचं लिहिलेलं बरोबर होतं?" वहिनीने विचारलं. "तिन्ही वेळा?"

मौनीबाबांनी हातांनी तोंड झाकून घेतलं. ते हसत होते की रडत होते ते कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

सेन्सर चाकाच्या कडेला बसवायला सुताराला आणि विजेच्या माणसाला एक दिवस लागला. सॉफ्टवेअरमधला बदल त्याहूनही लहान होता. मंगळवारी चार वाजता दिग्दर्शिका हाताची घडी घालून मधल्या रांगेत येऊन बसली. चाकावर बंदर होतं, गर्दी होती, व्यवस्थापकही आपणहून येऊन उभे राहिले होते. चाक फिरलं, थांबलं, झाकण उघडलं, आणि काळ्या विहिरीतून आधी डोलकाठी, मग शीड, मग पुढची निमुळती नाळ असं जहाज वर आलं.

"पुन्हा," दिग्दर्शिका म्हणाली. पुन्हा आलं. "पुन्हा." ती थांबेचना. सहाव्यांदा की सातव्यांदा ती खुर्चीवरच उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

*

बातमी साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते दुसऱ्याच दिवशी नाट्यगृहात आले, जहाज पाहिलं, आणि त्यांचे डोळे लकाकले.

"वहिनी, कमाल केलीत. मग आता हाताशी दिवस आहेत, तर पक्षीही करून टाकू. मी व्यवस्थापकांना तसं बोललोय."

वहिनीने त्यांना विंगेत नेलं. "साहेब, उरलेले दिवस मला जहाज बिघडवून बघायला हवेत. चुकीच्या वेळी बटण दाबलं तर काय, वीज गेली तर काय, मधेच थांबलं तर पुन्हा कसं सुरू करायचं. पक्षी घेतले की हे राहणार."

"पण मी शब्द दिलाय."

"मग तुम्ही तो परत घ्यायचा. शब्द तुमचा आहे, मी कसा परत घेऊ?"

साहेबांचा चेहरा पडला. वहिनीने नजर खाली घातली नाही. शेवटी ते "बघतो" म्हणून व्यवस्थापकांच्या खोलीकडे गेले. आतून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते सरळ गाडीत जाऊन बसले. पुढे दोन दिवस त्यांनी तिचा फोन घेतला नाही. पक्ष्यांचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या दिवसांत तिने सगळ्यांकडून थांबण्याची तालीम करून घेतली. जहाज मधेच थांबवायचं, विंगेतल्या माणसाने अडथळा दूर झाल्याची खात्री करायची, हिरवा दिवा बघायचा, मग पुढे. नट कंटाळले. "थांबायची कसली तालीम?" जहाजाच्या कप्तानाचं काम करणारी नटी कुरकुरली. तरी रोज केली.

उद्घाटनाचा प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह गच्च भरलं. सासूबाई आपल्या बायकांना घेऊन पहिल्या रांगेत विराजमान झाल्या, आणि शेजारी वहिनीचा नवरा रिकाम्या खुर्चीवर कोट टाकून बसला. ती खुर्ची वहिनीची होती. पण वहिनी विंगेत मौनीबाबा आणि खोडकाढे यांच्यामध्ये उभी होती. तिला बसवलंच नसतं.

बंदराचा प्रवेश आला. गर्दीने गाणं धरलं, चाक फिरू लागलं. झाकण विहिरीवर आलं, उघडलं. डोलकाठी दिसली. आणि गर्दीतल्या एका कोळणीच्या खांद्यावरून जाळं घसरलं, ते थेट उघड्या विहिरीच्या कडेवर लोंबलं. पट्टीला जाळं शिवलं. जहाज अर्ध्यावर थांबलं.

खोडकाढेची नखं वहिनीच्या दंडात रुतली. "बरोबर थांबलं," मौनीबाबा पुटपुटले. "बरोबर थांबलंय."

बरोबरच होतं. थांबलं नसतं तर जाळं डोलकाठीत अडकून त्या पोरीला ओढत घेऊन गेलं असतं. अर्ध्या जहाजावर उभ्या असलेल्या कप्तान नटीने एकदा खाली पाहिलं, आणि ती भर गाण्यात गरजली, "माझ्या जहाजावर कुणाचं जाळं? उचला ते आधी." सगळं प्रेक्षागृह हसलं. कोळणीने लगबगीने जाळं ओढून घेतलं. विंगेतल्या माणसाने वाकून कड पाहिली आणि हात वर केला. हिरवा दिवा लागला.

मौनीबाबांनी बोट टेकवलं. जहाज थांबलं होतं तिथूनच वर निघालं. शीड उलगडलं, नाळ वर आली, तळ चाकावर टेकला. चाक फिरलं, आणि जहाज बंदराला मागे टाकून निघालं. गाणं टाळ्यांत बुडून गेलं. त्या गोंगाटातही पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "हे आमच्या सुनेचं काम." वहिनीने एका हाताने खोडकाढेला आणि एका हाताने मौनीबाबांना घट्ट धरलं होतं. मौनीबाबा लाजून चूर झाले होते, पण सुटायची धडपड करत नव्हते.

प्रयोग संपल्यावर साहेब विंगेत आले. मग म्हणाले, "जाळं पडलं तेव्हा मी पार दरवाज्यापर्यंत पोचलो होतो, वहिनी. पळूनच चाललो होतो."

"आम्हालाही पळावंसं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण दरवाजा लांब होता."

पक्षी पुढच्या मोसमात उडाले. त्यांची तारीख वहिनीने लगेच दिली नाही. उद्घाटनाच्या प्रयोगानंतर दिग्दर्शिकेने तिथेच विंगेत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आधी एक पक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट उडवून बघते, मग सांगते." दिग्दर्शिकेने वाद घातला नाही. ती व्यवस्थापकांकडे वळली आणि म्हणाली, "हिला छतावर जायची शिडी दाखवा." आणि वहिनी, घरचे सगळे बाहेर ताटकळत असताना, अंगावरच्या ठेवणीतल्या साडीचा पदर खोचून त्या शिडीवर चढायलाही लागली.